खरं घाण पाणी

कुमुदिनी रणपिसेंना आयुष्यात एकच गोष्ट बघायची राहून गेली होती, आणि ती ताजमहाल नव्हती. कारखान्यातून निघालेलं खरंखुरं घाण पाणी त्यांना आपल्या पडद्यासमोर उभं करायचं होतं.

पडदा म्हणजे काय ते आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं वाया. लोखंडी वस्तूंवर तांब्याचा मुलामा चढवला की त्या धुवाव्या लागतात, आणि धुण्याच्या पाण्याबरोबर थोडं तांबं गटारात जातं. ते गटारात जाऊ नये म्हणून बारीक छिद्रांचा एक पांढरा कागदासारखा तुकडा घ्यायचा, त्यात रॉकेलच्या जातीचं तेल जिरवायचं आणि तो घाण पाणी आणि आम्ल यांच्यामध्ये उभा करायचा. तेल पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे भिंत तयार होते. तेलात एक औषध मिसळलेलं असतं. ते अलीकडचं तांबं उचलतं, पलीकडच्या आम्लात टाकतं आणि पुढच्या खेपेला रिकामं परत येतं. पुस्तकात या भिंतीला द्रव-पटल म्हणतात. रणपिशांच्या घरी तिचं नाव होतं साय, आणि औषधाचं नाव हमाल.

नावं ठेवलेली नवऱ्याची, बाळ रणपिसेंची. ते दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, रसायनशास्त्राशी संबंध चहात साखर घालण्यापुरता. पण आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये हिवाळ्यात मटार सोलत बसलेला हा माणूस बायकोचं सगळं ऐकून घ्यायचा आणि भलतेच प्रश्न विचारायचा. कुमुदिनीबाईंनी लॅबमध्ये दिवसभर इंग्रजी बोलायचं, बाजारात हिंदी, आणि संध्याकाळी तेच काम मराठीत सांगायचं. सांगता सांगता त्यांची त्यांनाच चूक सापडायची. लॅबमधल्या साहेबांना हे कधी कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं.

लॅबमध्ये घाण पाणी मात्र बनवलेलं असायचं. स्वच्छ पाण्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं मीठ, विरघळवायचं की झालं सांडपाणी. बाळासाहेब एकदा म्हणाले होते, "कुमुद, हे ग्लिसरीन लावून रडण्यासारखं आहे. खऱ्या रडण्याला काय होतं ते कधी बघणार तू?"

बघू, बघू म्हणता म्हणता प्रकल्प गुंडाळला गेला, बाई निवृत्त झाल्या, आणि बाळासाहेब एका साध्या तापात गेले. क्वार्टर सुटलं. लेकीनं, चेतनानं, आईला गुरुग्रामला आपल्या उंच इमारतीत आणलं. लेक प्रेमळ आहे, जावई चांगला आहे, नात दुधावरच्या सायीला मलई म्हणते. तक्रार करावी असं काही नाही, आणि कुमुदिनीबाई तक्रार करणाऱ्यांतल्या नव्हेतच. फक्त संध्याकाळी सातच्या सुमाराला त्या उगाच स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहायच्या आणि आपण कोणाला काय सांगायला आलो ते न आठवल्यासारखं करून परतायच्या.

त्याच इमारतीतल्या खुरानांचा फरिदाबादला मुलाम्याचा कारखाना होता. लिफ्टमध्ये ते सांडपाण्याच्या तपासणीबद्दल कुरकुरले आणि बाईंनी त्यांना तळमजल्यापर्यंत सोडलं नाही. खुरानांनी पडदा लावून बघायला एक दिवस दिला. काम थांबणार नाही, माणूस एकच मिळेल, आणि जमलं नाही तर पुन्हा विषय नाही, असं हसत हसत पण स्पष्ट सांगितलं.

लॅबच्या जुन्या सहकाऱ्याकडून बाईंनी उपकरण, तेल आणि पडद्याचे दोन तुकडे उसने आणले. सकाळी टॅक्सीत बसल्यापासून त्यांचं मनातल्या मनात बोलणं चालू होतं. अहो, खरं पाणी आहे, हिरवट, वर फेस. अहो, वास असा की तुम्ही नाकाला रुमाल लावला असता. सगळं मराठीत, ओघानं, कितीतरी वर्षांनी.

कारखान्यात मुलाम्याआधी वस्तू साबणाच्या पाण्यात बुडवतात, तेलकटपणा जावा म्हणून. हे साबणाचं पाणी म्हणजे पडद्याचा काळ. ते लागलं की छिद्रांतलं तेल धुऊन निघतं. साबणाची टाकी ओट्यावर होती आणि तिचे शिंतोडे बाईंचा पंप ज्यातून धुण्याचं पाणी ओढत होता त्या चरात येत होते. ती ओट्याखाली उतरवून ठेवावी म्हणून त्यांनी रामनरेशला, तिथल्या कामगाराला, सांगितलं, "भैया, साबुनवाली टंकी खाली रखना."

रामनरेश आज्ञाधारक माणूस. त्यानं टाकी खाली केली. म्हणजे रिकामी केली. सगळ्या टाक्या जिथे रिकाम्या होतात तिथेच, त्या चरात.

पंपानं ते पाणी ओढलं आणि पडद्यातलं तेल तवंग होऊन वर आलं. बाईंनी पंप बंद केला. रामनरेश गोंधळून म्हणाला, "आप ही ने तो कहा, मैडम, खाली रखना."

चाळीस वर्षांत ही चूक झाली नव्हती. नवीन आलेली मराठी माणसं करतात. बसमध्ये, भाजीवाल्याकडे, आणि हसून सोडून देतात. पण आज त्या हिंदी बोलतच नव्हत्या. त्या मनातल्या मनात नवऱ्याशी मराठीत बोलत होत्या, आणि मधेच तोंडातून शब्द तिकडचा बाहेर पडला होता.

"गलती मेरी है," त्या म्हणाल्या. "खाली मतलब नीचे. हमारे यहाँ."

खुराना येऊन बघून गेले. मॅडम, हो जाता है, आता घरी चला, असं त्यांनी समजुतीनं सांगितलं. पुन्हा कधी, हे त्यांनीही म्हटलं नाही आणि बाईंनीही विचारलं नाही. त्यांनी रामनरेशकडून चर दोनदा धुऊन घेतला, टाकी स्वतः हात लावून ओट्याखाली उतरवली, दुसरा तुकडा तेलात भिजत घातला, आणि तो भिजेपर्यंत एक अक्षरही बोलल्या नाहीत. मनातसुद्धा नाही. ते सगळ्यात कठीण गेलं.

दुपार कलल्यावर पलीकडच्या काचेतल्या आम्लाला रंग चढू लागला. आधी आहे की नाही असा, मग रामनरेशलाही दिसेल असा. निळा.

बाईंनी चेतनाला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती. कुजबुजत "ग्रेट आई, बिल्कुल ग्रेट, संध्याकाळी सांग हां" म्हणाली. मनापासूनच म्हणाली. बाईंनी फोन पर्समध्ये टाकला.

खुरानांची गाडी निघायची वेळ झाली. त्यांनी सोबत येण्याबद्दल विचारलं. बाई काचेवरून नजर न काढता म्हणाल्या, "मी थांबते जरा. ह्यांना सांगायचंय."

मराठी कोणालाच कळली नाही. रामनरेशनं फडक्यानं एक स्टूल पुसलं आणि त्यांच्या मागे आणून ठेवलं.