सुजाताचं वाक्य

हे नवऱ्याला सांगितलं नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट कळत नाही.

कळंबला एका दुकानावरच्या खोलीत आम्ही तिघं काम करायचो. प्रसाददादा, सुजाता आणि मी. इलेक्ट्रिशियन, गवंडी, पार्लरवाल्या — यांना गिऱ्हाईक थेट सापडावं, मधे कुणा कंपनीची मालकी नसावी, म्हणून एक प्रोटोकॉल तयार करत होतो. म्हणजे सगळ्यांसाठी खुले, सामाईक नियम. त्यांवर कुणीही आपलं ॲप बनवावं. सगळं जमत आलेलं. राहिलं होतं एक वाक्य — हे सगळं कशासाठी, ते सांगणारं. व्हिजन स्टेटमेंट.

ते मीच लिहिणार, असं मी धरूनच चालले होते. कॉलेजपासून माझं मराठी चांगलं म्हणायचे ना! आठवडाभर घासूनपुसून लिहिलं — ‘विकेंद्रित सेवाव्यवस्थेतून सर्वसमावेशक सक्षमीकरण.’ दादांनी वाचलं. “बरंय,” म्हणाले.

मग सुजातानं मोबाईल पुढं केला. बेंबळीहून, घरून परत येताना एसटीत लिहिलेलं — ‘काम ज्याचं, नावही त्याचंच राहील.’

दादांनी ते दोनदा वाचलं. मग हळू आवाजात म्हणाले, “सुजाता, हेच गं. आपण हेच तर करतोय.”

माझं काही वाचून ते असं म्हणाले होते कधी? कधीच नाही. आणि खरं सांगू? वाक्य मलाही आवडलं होतं. फार आवडलं होतं. कदाचित म्हणूनच —

“हे मी कुठंतरी वाचलंय,” मी म्हणाले.

खोटं. कुठंही वाचलं नव्हतं.

“कुठं?” दादांनी विचारलं.

“आठवत नाही. पण कुठल्याशा कंपनीच्या वेबसाइटवर होतं, नक्की.”

सुजाता माझ्याकडं बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. “मला वाटलं, मलाच सुचलं,” ती म्हणाली. “पण तू म्हणतेस म्हंजे असंल. लई वाचते मी, डोक्यात राहिलं असंल.”

माझं वाक्य आमच्या वेबसाइटवर गेलं. अजून तिथंच आहे.

त्यानंतर ती काहीही लिहिलं की आधी मला दाखवायची. “बघ गं, हे कुठं आलेलं न्हाय ना?” दुसऱ्या कुणाला नाही — मलाच! मी वाचायचे, मान हलवायचे. तेव्हा सांगता आलं नसतं? दर वेळी आलं असतं. हळूहळू तिनं दाखवणं बंद केलं, मग लिहिणंच. आता ती उमरग्याला एका दवाखान्यात हिशोब बघते.

गेल्या दिवाळीत तिच्याकडं गेले होते. तिची पुतणी शाळेचा निबंध घेऊन आली. “काकू, सुरुवात सांग ना.”

सुजाता हसली. “मला न्हाय सुचत गं. ह्या मावशीला विचार, तिला लई छान जमतं.”

मी सुरुवात सांगितली. पोरीनं लिहून घेतली.