वांग्यांतली चेटकीण

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे हरभऱ्याचे घाटे सोलणं. तेही धड नाही. सुशीला चष्मा लावून नातीच्या पुस्तकातली गोष्ट मोठ्यानं वाचत होती, मी सोलत होतो, आणि सोललेलं तोंडात टाकत होतो. (पातेलं शेवटपर्यंत रिकामं. गोष्ट रंगात आली होती म्हणून सुटलो.) गोष्ट एका चेटकिणीची. जंगलात एकटी राहणारी म्हातारी, झाडूवर बसून हिंडायची, पाला उकळायची. राजानं शिपाई धाडले. शिपाई दाराशी आले, कडी वाजवली, आणि सुशीलानं पुस्तक मिटलं.

"डोळे दुखले. उरलेली उद्या."

पहाटे ती गेली. झोपेतच.

धुळ्यातली सगळी मंडळी भेटायला आली. "नाना, प्रभूची इच्छा," म्हणायची. मी मान हलवायचो, आणि डोक्यात एकच चालायचं: त्या म्हातारीचं पुढं काय झालं?

हसू नका. सुशीला पिंपळनेरकडची. तिच्या आजीला गावानं डाकीण ठरवलं होतं, का, तर कोणाची तरी म्हैस मेली. मारत मारत वेशीबाहेर काढली. मिशनच्या बाईंनी घरात घेतली, तेव्हापासून ते घर ख्रिस्ती. म्हणून शिपायांनी कडी वाजवली तेव्हा सुशीलाचा आवाज बारीक झाला होता. तिला तो शेवट हवा होता. आता तिला नाही, तर निदान मला.

पण मी गवंडी माणूस. चौथी पास, तेही मास्तर दयाळू म्हणून. जोडाक्षर दिसलं की मी थांबतो. नातीला विचारलं, तर तिनंही पुढचं वाचलेलं नाही. आजी वाचणार होती ना. पोरगी मग शेवट बनवून सांगायची. रोज नवा. एकदा तर शिपाई मोटारसायकलवर आले.

शेवटी म्हटलं, आपणच अक्षरं जुळवू. तर पुस्तक घरात नाही.

"सूनबाई, चेटकिणीचं पुस्तक कुठंय?"

"चर्चच्या खोक्यात टाकलं, नाना. पाळकसाहेब म्हणाले ना, जादूटोण्याची पुस्तकं पोरांच्या हातात नकोत, आणून द्या, कापणीचा सण झाला की जाळू."

"कधी म्हणाले?"

"रविवारी. तुम्हीच तर सगळ्यात मोठ्यानं आमेन म्हणालात."

(उपासनेत डुलकी लागली की मी मधूनमधून आमेन म्हणतो. जागा आहे असं वाटावं म्हणून.)

तरी पाळकसाहेबांकडं गेलो. वयानं पोरगेलेसे, पण पक्के.

"साहेब, गोष्टीतल्या चेटकिणीनं पोरं बिघडतात होय?"

"नाना, मी पण सुशीलाबाईंच्या तिकडचाच, साक्रीचा. आमच्याकडं डाकीण म्हणून बायांना अजून मारतात. पोरांना तो खेळ वाटू नये, एवढंच माझं म्हणणं."

"सुशीला म्हणायची, बायबलात पण आहे की भुतं बोलावणारी बाई. उपाशी राजाला तिनं जेवू घातलं."

"तो राजा दुसऱ्याच दिवशी लढाईत मेला, ते नाही सांगितलं त्यांनी?"

माणूस बरोबर बोलत होता. आणि पुस्तक मला पाहिजेच होतं. इतक्या मोठ्यानं आमेन म्हटल्यावर ते मागायचं कसं? म्हणून चोरायचं ठरवलं.

कापणीच्या सणाला आमच्यात शेतातलं, परसातलं जे असेल ते वेदीपुढं ठेवतात. पाळक त्यावर प्रार्थना करतात, आणि उपासना संपली की अंगणात लिलाव होतो. आदल्या दिवशी टोपल्या मांडायच्या निमित्तानं मी आत शिरलो. खोक्यात हात घातला, पुस्तक निघालं, आणि दारात पाळकीणबाई, हातात झाडू. (क्षणभर मला भलतंच वाटलं.) समोर भरताच्या वांग्यांची टोपली होती. पुस्तक तळाशी सारलं, वर वांगी रचली. म्हटलं, या गेल्या की काढू.

"नाना, तुम्ही बसा, मी करते," म्हणाल्या, आणि कुलूप लावेपर्यंत हलल्या नाहीत.

रविवारी वेदीपुढं पाहतो तर वांग्यांच्याच तीन टोपल्या. या दिवसांत खान्देशात देवाला दुसरं देणार काय? सगळ्या एकसारख्या, सगळ्यांना पताका लावलेल्या. पाळकांनी हात पसरून त्यांच्यावर आशीर्वाद मागितला. चेटकीण आत बसून तो घेत होती.

लिलाव सुरू झाला. पहिली टोपली मी घेतली. हात घातला, वांगी. दुसरी घेतली. वांगीच.

सून कानाशी आली. "नाना, तुम्हाला वांग्यानं खाज सुटते."

"सुटू दे."

मागं बायकांची कुजबुज. "सुशीलाबाई गेल्या तसं डोकं ठिकाणावर नाही."

"तिला भरीत आवडायचं ना. बिचारा." एकीनं पदर डोळ्याला लावला.

मग वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त होऊन आलेले शमुवेलभाऊ ईर्ष्येला पेटले. "नाना एवढे मागं लागलेत म्हणजे वांग्यांत काहीतरी आहे," म्हणाले, आणि लागले बोली चढवायला. शेवटच्या टोपलीला माझा खिसा संपला. भाऊ जिंकले. ऐटीत टोपली खांद्यावर घ्यायला गेले आणि तिचा तळच सुटला. वांगी गडगडली, आणि पाळकांच्या पायाशी पडली झाडूवरची चेटकीण, तोंड वर करून.

"साहेब, मी वांगी घेतली," शमुवेलभाऊ म्हणाले. "बाई नाही घेतली."

"कोणी ठेवली ही?"

मी हात वर केला, शाळेत करायचो तसा. "सुशीलानं अर्धी वाचली, साहेब. शिपाई दाराशी आलेत. पुढचं कळू द्या, मग जाळा. मला पण जाळा."

पाळकांनी पुस्तक उचललं, धूळ झटकली. सुशीलाच्या आजीची हकिकत त्यांना ठाऊक होती; अंत्यविधीत त्यांनीच ती सांगितली होती. म्हणाले, "वेदीपुढं ठेवलेलं, प्रार्थना झालेलं, जाळता नाही येत." मग मोठ्यानं: "एक पुस्तक. बोला."

कोणी बोललं नाही. शमुवेलभाऊसुद्धा.

"माझ्यापाशी काही उरलं नाही," मी म्हटलं.

"वांगी आहेत की," पाळकीणबाई म्हणाल्या.

दोन्ही टोपल्या देऊन मी चेटकीण घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक घेऊन कब्रस्तानात गेलो. मेलेल्या माणसाशी बोलू नये, हे मला माहीत आहे. त्या उपदेशाला मी जागा होतो. म्हणून तिच्याशी बोललो नाही. तिच्या शेजारच्या दगडावर बसून मोठ्यानं वाचलं, एवढंच. तिला ऐकू गेलं असेल तर माझा इलाज नाही. एकेक अक्षर बोटानं धरत होतो. जोडाक्षर आलं की दोन-चार तऱ्हांनी म्हणून पाहायचो, त्यातलं बरं वाटेल ते ठेवायचो. ऊन चांगलं तापलं तेव्हा कुठं म्हातारीचं दार उघडलं.

शिपाई तिला धरायला आलेच नव्हते. राजाच्या लेकीचा ताप उतरत नव्हता, औषधाला बोलवायला आले होते. पालखीत बसवून नेली तिला.

मी ते पान परत वाचलं. मग नाक शिंकरलं.

फाटकाशी राखणदार उभा होता. आत यायला तयार नाही.

"नाना, हाई काय शे? मंतर शे का?"

"अरे, वाचतोय."

त्यानं मुखपृष्ठावरच्या बाईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "असं कोनी वाचस का?"

मी विचार केला. अडाणी म्हणवून घेण्यापेक्षा चेटक्या बरा.

"मंतरच शे," मी म्हटलं.