साडेतीन तास पुढे

सातपूरच्या एका कारखान्याचा भोंगा बावीस वर्षं देवरामच्या हातात होता, आणि हे तो नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचाच. टाइम ऑफिसात त्याच्या खुर्चीमागे भिंतीवर बटण होतं. सकाळी सातला, अकराला जेवणाच्या सुट्टीत आणि साडेतीनला शिफ्ट सुटताना तो ते दाबायचा. मागच्या वसाहतीतल्या बायका त्या भोंग्यावर भात चढवायच्या आणि पोरांना शाळेत पिटाळायच्या. देवरामची बायको फुलाबाई तर घड्याळ बघायच्या भानगडीत कधी पडलीच नाही. लग्नकार्यात मुहूर्त टळू लागला की लोक भटजींऐवजी देवरामच्या तोंडाकडे बघत. ते तोवर चांगलंच आंबट झालेलं असे.

त्यांचा एकुलता एक मुलगा सुनील. आयटीआय करून त्याच कारखान्यात फिटर म्हणून लागला, आणि २००४ साली कंपनीने त्याला तीन वर्षांच्या ट्रेनिंगला जपानला पाठवलं. दर रविवारी संध्याकाळी साडेपाचला त्याचा फोन यायचा. तिकडे तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असत. बाकीचे सहा दिवस फुलाबाई दिवसातून दोनतीनदा तरी विचारायची, "तिकडं किती वाजले?" देवराम बोटांवर साडेतीन तास मिळवून सांगायचा. मग ती म्हणायची, "म्हंजे जेवला आसंल," किंवा "आता कामावर आसंल." एवढ्यावर तिचं भागायचं.

दुसऱ्या वर्षी सुनील सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या मनगटावर नवं घड्याळ होतं. रोज वापरायचं साधं, पोलादी पट्ट्याचं. पण त्याला किल्ली द्यावी लागत नव्हती की सेल घालावा लागत नव्हता. उजेडावर चालायचं. वर आणखी रात्री तिकडच्या मनोऱ्यावरून रेडिओचा संदेश येई आणि घड्याळ स्वतःच आपले काटे जुळवून घेई. जन्मभर वेळ सांभाळलेल्या देवरामला हे काही पटेना. सुनीलने तबकडीच्या कडेवरची शहरांची नावं दाखवली. चावी ओढून सेकंदकाटा टोकियोवरून दिल्लीवर नेला, तर बाकीचे काटे सरसर फिरून इथल्या वेळेवर येऊन थांबले. पण रात्री संदेश आला का ते बघायला सकाळी घड्याळाचं बटण दाबलं की काटा 'नो'वर जायचा. तो संदेश नाशिकपर्यंत पोचत नव्हता.

"इथं त्याला सांगणारंच कुणी नाही, दादा," सुनील हसून म्हणाला.

"मी हाय ना," देवराम म्हणाला.

२००७च्या फेब्रुवारीत सुनील सायकलवरून कामावर जाताना ट्रकखाली गेला. अस्थी आल्या आणि बरोबर एक खोका आला. कपडे, फोटो, एक थर्मास, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घड्याळ. ते टोकियोच्या वेळेवर चालू होतं. देवरामने ते हातात घातलं आणि पुन्हा काढलं नाही.

लोक भेटायला आले, रडून गेले. देवराम बसून राहिला. दहाव्याला गोदावरीवर उभा होता, तेव्हाही त्याला पायाखालचा दगड किती गार आहे एवढंच कळत होतं. आपल्याला दुःख होत नाही याची त्याला लाज वाटायची, आणि तीही फार वेळ टिकायची नाही. पंधराव्या दिवशी तो कामावर गेला. पानात वाढलं ते खायचं, भोंगा द्यायचा, घरी यायचं. फुलाबाईही तशीच. फक्त तिचं विचारणं थांबलं नाही. "तिकडं किती वाजले?" आता देवरामला बोटं मोजावी लागत नव्हती. तो मनगट बघून सांगायचा. "जेवला आसंल" हे पुढचं मात्र ती आता म्हणत नसे.

सकाळी उठला की तो घड्याळाचं बटण दाबून बघायचा. काटा 'नो'वर जायचा. मग तो आंघोळीला जायचा.

कामावर या घड्याळाचा त्रास नव्हता, कारण भोंगा द्यायचा तो समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघून. ते इथल्या वेळेचं, हातातलं सुनीलच्या वेळेचं. आठ महिने दोन्ही आपापल्या जागी नीट चालली.

ऑक्टोबरात खंडेनवमीच्या आदल्या दिवशी घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी यंत्रांची पूजा म्हणून कारखाना धुऊनपुसून निघत होता, आणि टाइम ऑफिसला चुना मारायला भिंतीवरचं घड्याळ उतरवून ठेवलं होतं. देवराम हजेरीची कार्डं लावत बसला होता. मान वर केली, भिंत रिकामी दिसली, म्हणून त्याने मनगट बघितलं. साडेतीन. बावीस वर्षांच्या सवयीने हात मागे गेला आणि त्याने भोंगा दिला.

खरे वाजले होते बारा.

आणि कुणालाही शंका आली नाही! उद्या पूजा, म्हणून साहेबांनी आज लवकर सोडलं, असं जो तो दुसऱ्याला सांगत सुटला. देवरामचा भोंगा चुकेल हे कुणाच्या डोक्यातच येणार नव्हतं. यंत्रं बंद झाली, हात धुतले गेले, गेटवरचा रखवालदार लखन धावत विचारायला येईपर्यंत निम्मी शिफ्ट सायकली काढून पसारही झाली होती.

साहेबांनी देवरामला आत बोलावलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मनगटाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मामा, मला कळतं. पण असं चालणार नाही. उद्यापासून एक तर हे घड्याळ इथल्या वेळेला लावा, नाही तर घालून येऊ नका. नाही तर मला भोंग्यावर दुसरा माणूस बसवावा लागेल."

त्या दिवशी साडेतीनचा भोंगा लखनने दिला. जरा जास्तच वेळ दिला. देवराम बाकावर बसून ऐकत होता.

तो घरी आला तेव्हा पाच वाजून गेले होते. फुलाबाई दारात मेथी निवडत बसली होती.

"आज बारालाच भोंगा झाला," ती म्हणाली.

"चुकला माझा."

"मी भाकरी थापीत व्हते. लोक म्हनाले, लवकर सोडलं. मला म्हाईत व्हतं." तिने काडी बाजूला टाकली. "म्हनलं, सुनीलची शिफ्ट सुटली."

साहेब काय म्हणाले ते देवरामने दोन वाक्यांत सांगितलं. मग उजेडासाठी खिडकीशी जाऊन बसला, घड्याळ काढलं, नखाने चावी ओढली. सेकंदकाटा टोकियोवर जाऊन उभा राहिला. आता चावी थोडी फिरवायची की झालं. सुनीलने शिकवलं होतं, अवघड काहीच नव्हतं. देवरामचा अंगठा चावीवर तसाच राहिला.

"नका फिरवू," मागून फुलाबाई म्हणाली.

"मंग काय करू? भोंगा सोडू?"

"सोडू नका."

"घरी ठिवलं तर कपाटात अंधार. उजेड न्हाई मिळाला तर बंद पडतंय ते."

"कपाटात कशाला?" तिने पदराला हात पुसले आणि डावा हात त्याच्यापुढे धरला. "माझ्या हातात घाला. मला कुठं भोंगा द्यायचाय?"

देवरामने चावी दाबून बसवली. घड्याळ तिच्या हातात चढवलं. पट्टा पुरुषी मनगटाचा, तो बांगड्यांवरून घसरत थेट कोपरापर्यंत गेला. त्याने तो खाली ओढून बांगड्यांच्या मागे बसवला. तिचा हात किती बारीक झालाय हे त्याला तेव्हा दिसलं, आणि छातीत कळ आली. चांगलीच दुखली. आठ महिन्यांत त्याला पहिल्यांदा काहीतरी दुखत होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्याने पुसलं नाही.

मग त्यानेच विचारलं, "किती वाजले तिकडं?"

फुलाबाईने मनगट खिडकीकडे वळवलं. काटे बघायची तिला सवय नव्हती. लहान काटा कुठे, मोठा कुठे, ती बोट ठेवून मोजत राहिली.

"नऊ," ती म्हणाली. "त्याच्या फोनचा टाइम झाला."