निजल्या माणसाच्या मापाचं घर

कुपवाडला कारखाने नुकते निघत होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या बांधाला एक नवी नवरी मजुरीला येऊन एकटीच खोपट बांधत होती. तिचं नाव विसरले बघा. लग्न होताच नवरा पलटणीत गेलेला, आता रजेवर येणार, आणि सासरच्या गर्दीत दोघांना निजायला कोपरा नाही. तिची लगबग बघून मलाच आपलं घर उठतंय असं वाटायचं.

तुरीच्या काट्यांचा कूड घालून भिंती उभ्या करायच्या, पण लांबी किती धरायची? नवऱ्याची उंचीच तिला नीट आठवेना. एका सकाळी आली नि म्हणाली, “वैनी, दादास्नी जरा हितं आडवं करता का? आमचं हे त्यांच्यापरास उंच हायत, एवढं ध्यानात हाय.”

आमचे हे हसत मातीत निजले. तिनं काटकीनं रेघ ओढली आणि वर हातभर वाढवून धरलं.

फौजी आला त्या दिवशी आम्ही सगळे पाचटाच्या छपराखाली वाकून शिरलो. तो आडवा झाला, तर पायाशी हातभर जागा उरली. माझ्या सासूबाई म्हणाल्या, “टोपी धरून मापलंस व्हय गं?”

ती सारवलेल्या भुईकडं बघत म्हणाली, “उरू द्या की, आत्याबाई. तितं पाळणा बसंल.”