प्राचीले विचारा

वामनरावांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं असे: "प्राचीले विचारा." नळ आला का, वांगी कोणाकडे चांगली मिळतात, गल्लीतल्या क्रिकेटमध्ये कोण बाद झालं, सगळ्याला हेच. प्राची त्यांची धाकटी, दहावीतली. चेंडू बॅटला चाटून गेल्याचं कुणाला कळलेलंही नसे, तरी ती स्वतःहून सांगून बॅट टाकून येई. फाटकाशी उभे वामनराव मग पोरीनं शतक ठोकल्यासारखे मिशीवरून हात फिरवत. माझ्या सांबारवडीत, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीत, मीठ जास्त झाल्याचंही तिनं मला तोंडावर सांगितलं होतं. मला राग आला. वडी खारटच होती.

नागपूरच्या सक्करदऱ्यात तेव्हा आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. वामनराव कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीला, पण घराणं विणकरांचं. "आमचा आजा लुगडं गिऱ्हाइकाले उजेडात धरून दाखवे, वहिनी," ते म्हणत. "माही पोरगी तशीच आहे. कुठूनही धरून पाहा."

मग थोरल्या नेहाला पाहायला पाहुणे येणार असं ठरलं. नेहाला डाव्या कानानं फार कमी ऐकू येई. त्यापायी एक स्थळ आधीच फिरलं होतं, म्हणून तिच्या आईनं, शोभाताईंनी, या वेळी पसंती येईपर्यंत गप्प राहायचं ठरवलं. वामनरावांनी खाली मान घालून होकार दिला. पाहुणे उजव्या बाजूला येतील अशी नेहाची खुर्ची मांडली. आणि नागपुरात, भर मे महिन्यात, कूलर बंद ठेवला, कारण त्याच्या घरघरीत तिला काहीच ऐकू येत नसे.

वड्या घेऊन गेले होते, म्हणून मी तिथं होते. पाहुणे घामानं निथळत होते. "कूलर बिघडला हो," शोभाताई म्हणाल्या. मुलाचे मामा हौशी निघाले. "थांबा, मले जमते," म्हणत त्यांनी बटण दाबलं. कूलर दणक्यात सुरू झाला.

मामा हसले. मुलाची आई हसली नाही. "चालू तर आहे! मंग काहून बंद ठेवला होता?"

"प्राचीले..." वामनरावांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. त्यांनी जीभ चावली, पण सगळ्या माना प्राचीकडे वळल्या होत्या. तिनं हातातला ट्रे खाली ठेवला. शोभाताई डोळ्यांनीच नको नको म्हणत होत्या. प्राचीनं बहिणीकडे पाहिलं. नेहानं हळूच मान डोलावली.

"कूलरच्या आवाजात ताईले ऐकू येत नाही. तिचा डावा कान कमजोर आहे."

पाहुणे "कळवतो" म्हणून उठले. वड्यांना कुणी हात लावला नव्हता. शोभाताई आत जाऊन रडू लागल्या. "बरं केलं वं," नेहा म्हणाली, "एका बाजूनं पाहून पाहून मान दुखून राहिली होती माही." पण प्राचीचं लक्ष वामनरावांकडे होतं. ते उठून तिच्यासमोर आले. आता हात उगारतात की काय, असं मला वाटलं.

"भेव लागलं होतं?"

"खूप, बाबा."

"मलेही. म्हणून तर मी बोललो नाही."

एवढ्यात समोरच्या घरातून हाक आली, "काय गा वामनराव, पाहुणे लवकर गेले? जमलं का नाही?"

वामनराव प्राचीचा हात धरून फाटकापर्यंत गेले. गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "प्राचीले विचारा."