आधी मुखपृष्ठ, मग कादंबरी

लोक विचारायचे, "कादंबरी सुचते कशी हो तुम्हाला?" तो गोड हसायचा आणि मनात म्हणायचा, सुचते कसली, डोंबल! त्याच्या प्रकाशकाकडे मुखपृष्ठं आधी छापून यायची, गठ्ठ्याने. ज्याच्या वाट्याला जे चित्र येईल, त्यावर त्याने महिनाभरात कादंबरी पाडायची. बंगला आला की भूत, बोट आली की तस्करी. अशा एकशे बारा पाडल्या होत्या त्याने. त्यातली एक जरी हातात धरली तरी किळस यायची.

एकशे तेरावी मात्र ताईची होती. बाप गेल्यावर ताईने लाँड्रीत दिवसभर उभ्याने इस्त्री करून याला शिकवलं. याचं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा ती म्हणाली होती, "एकदा माझ्यावर लिही रे. पण खोटं नको." त्या एका वाक्यापायी त्याने चार वर्षं घातली. ताई सत्तरीला टेकली होती. आता नाही तर कधी?

प्रकाशकाने हस्तलिखित दोन बोटांनी चाळलं. "छापतो. पण मुखपृष्ठ एवढंच शिल्लक आहे."

चित्रात लालभडक ओठांची बाई, हातात पिस्तूल.

"माझ्या बहिणीच्या हातात पिस्तूल?"

"एखादं प्रकरण बदला हो. तुमच्या डाव्या हातचा मळ!"

थू! उठून चालतं व्हावं, असं वाटलं त्याला. पण दुसरा कोणी प्रकाशक त्याला दारात उभं करत नव्हता. मालक पगार कापतो आणि ताई निमूट हसून घरी येते, असं एक प्रकरण होतं. प्रकाशकाच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसून त्याने ते बदललं. आता ताई मालकावर पिस्तूल रोखत होती आणि मालक चळचळा कापत होता. वीस मिनिटं लागली. हात कुठे अडलाच नाही, याचीच त्याला सगळ्यात जास्त शिसारी आली. सख्ख्या बहिणीलाही विकून खाल्लंस, मेल्या!

ताईला पुस्तक देताना त्याने वर वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. आठवड्याने गेला, तर ते काढून टाकलेलं.

"ताई, ते पिस्तूल म्हणजे... प्रकाशकाने..."

"तेवढंच तर खरं वाटलं मला," ताई म्हणाली. "बाकीचं वाचून वाटलं, ही कोण बया? राबराब राबते आणि वर हसते! शी! मी नव्हते रे अशी." तिने चष्मा काढला. "मेल्याने पगार कापला ना, तेव्हा तापलेली इस्त्री त्याच्या थोबाडावर ठेवावी, असं वाटलं होतं. तुझी फी भरायची होती, म्हणून गप्प बसले. आजवर कुणापाशी बोलले नाही. तुला कसं कळलं रे?"

कळलं कुठे होतं! दर रविवारी तो तिच्याकडे जेवायला यायचा. त्या चार वर्षांत त्याने तिला एकदाही काही विचारलं नव्हतं.