आप्पासाहेब रोज पहाटे

जिवंतपणी आप्पासाहेब कधी वेळेवर घरी आले नाहीत. दिवेलागणीला परत येतो म्हणून बाजाराला जायचे आणि सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उगवायचे. मेल्यावर मात्र स्वारी अशी वक्तशीर झाली की विचारू नका. रोज पहाटे बांग होते न होते तोच सरूबाईंच्या स्वप्नात हजर.

बरं, येऊन काही बोलावं? नाव नको. गावाकडच्या घराचं निळं दार, उंबऱ्यावर आप्पासाहेब. पांढरंशुभ्र धोतर, डोक्यावर टोपी, पायात चपला, एक हात चौकटीला. सरूबाई चुलीपाशी. आणि आप्पासाहेब कपाळाला आठी घालून नुसते त्यांच्याकडं बघत उभे. सरूबाईंनी तोंड उघडावं तोवर जाग यायची आणि वर बघावं तर शहरात, गारखेड्यातल्या लेकाच्या फ्लॅटचा पंखा.

सरूबाई काही भित्र्या बाई नव्हेत. पैठण रस्त्यावरच्या गावात त्यांनी मोसंबीची बाग सांभाळली, गडी सांभाळले, आणि आप्पासाहेबांसारखा नवरा सांभाळला, जे सगळ्यांत अवघड. आप्पासाहेबांचं तोंड म्हणजे कुलूपबंद कोठार. आमटी अळणी झाली तर बोलायचे नाहीत, ताट अंगठाभर पुढं सरकवायचे. चहा पाहिजे असला तर खाकरायचे, आणि कोणत्या खाकरण्याला चहा अन् कोणत्या खाकरण्याला पाणी, हे उभ्या आयुष्यात एकट्या सरूबाईंना कळलं. "ह्यांच्याशी संसार म्हंजे रोज उखाणा सोडवायचा," असं त्या जावेला सांगायच्या. आता माणूस गेला तरी उखाणा चालूच.

पहिले काही दिवस त्या गप्प राहिल्या. मग एकदा चहा पिताना त्यांनी लेकाला आणि सुनेला सांगून टाकलं, आणि घरात जी गाळण उडाली ती बघण्यासारखी होती. लेक विश्वजीत वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर, शंभर माणसांवर आवाज चढवणारा. त्याच्या हातातला टोस्ट चहात बुडाला तो बुडालाच. सून मंजुषा गॅस बंद करून बाहेर आली. आणि अकरावीत शिकणारी नात अपेक्षा, जिला एरवी घराला आग लागली तरी मोबाइलमधून डोकं वर काढायला जड जातं, तिनं डोकं वर काढलं.

आता हे एवढे का घाबरले, ते सांगायला पाहिजे.

दहाव्याला पैठणला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. झाडावर कावळे ढिगानं, पण एक खाली उतरेल तर शपथ. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले. अशा वेळी काय करतात ते आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: गेलेल्या माणसाच्या मनात काय राहिलं ते ओळखायचं आणि हात जोडून कबूल करायचं. मनातलं बरोबर ओळखलं की कावळा उतरतो. पण आप्पासाहेबांच्या मनातलं जिवंतपणी कुणाला कळलं नाही, ते मेल्यावर कसं कळणार? मग जो तो एकदमच सुरू झाला. विश्वजीत म्हणाला, "आप्पा, मोसंबीची बाग विकणार नाही." त्याच दमात मंजुषा म्हणाली, "आईंना अंतर देणार नाही." अपेक्षा रडत रडत म्हणाली, "आप्पा, मी इन्स्टा बंद करते." आणि सगळ्यांच्या मागं उभे होते सर्जेराव, आप्पासाहेबांचे सख्खे धाकटे भाऊ. त्यांनी दरसाल नांगराच्या एकेका तासानं दोघांमधला बांध भावाच्या रानात ढकलत नेला होता. तेही खाली मान घालून पुटपुटले, "दादा, बांध मागं घेतो."

आणि कावळा उतरला. पिंड उचलून गेला. पण कुणाच्या शब्दाला उतरला? कावळ्यानं काही पावती दिली नाही. मंडळी घरी आली, जेवली, आणि प्रत्येकानं सोयीस्करपणे ठरवून टाकलं की आप्पांनी दुसऱ्या कुणाचा तरी शब्द घेतला, आपला काही नाही.

म्हणून हे स्वप्न ऐकून चहात टोस्ट बुडाला. कारण विश्वजीतनं आदल्याच आठवड्यात बागेसाठी एका दलालाला फोन केला होता. त्यानं बाल्कनीत जाऊन दलालाला परत फोन लावला आणि "विचार बदलला" म्हणून सांगितलं. मंजुषानं त्या दिवसापासून सासूच्या ताटात एवढं तूप ओतलं, एवढं ओतलं, की तिसऱ्या दिवशी सरूबाईंच्या पोटानं हात टेकले. "अगं, मला अंतर नको देऊ म्हणले असतील ते, पण इतकं जवळबी नको घेऊ," सरूबाई म्हणाल्या. अपेक्षानं इन्स्टा काढून टाकलं आणि घरभर अशी हिंडायला लागली की सुतक तिलाच आहे.

तरी आप्पासाहेब आपले पहाटे दारात उभेच.

मग गावाकडं फोन गेला. सर्जेराव दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मोसंबीची पिशवी घेऊन दाखल. सोफ्याच्या टोकावर बसले. पाणी पिले, चहा पिला, पंख्याची तारीफ केली, आणि मग हळूच म्हणाले, "वैनी, दादा काय... बांधाचं काय म्हणतो का?"

"कायबी म्हणत नाय. नुसतं बघतेत."

"रागानं?"

"आता तुमचे दादा हसून कधी बघायचे, भावजी?"

सर्जेराव घाम पुसत परत गेले आणि बांध मागं घेतला. निम्मा. आप्पासाहेब उभेच. मग सगळा घेतला. तरी उभेच. शेवटी सर्जेरावांनी भीतीपोटी स्वतःच्याच रानात हातभर आत घेतला आणि फोन करून म्हणाले, "वैनी, आता मात्र दादाला सांगा, याच्या पुढं माझी विहीर लागती!"

या शहरात नळाला पाणी कधी येईल ते ब्रह्मदेवालाही माहीत नसतं, त्यामुळं सकाळी उठल्या उठल्या "आलं का?" विचारायची सगळ्यांना सवय. आता सरूबाईंच्या घरात "आले का?" असं विचारायला लागले. पाणी आठवड्यातनं एखाद्या दिवशी, आप्पासाहेब मात्र बिनानागा.

अपेक्षानं मोबाइलवर शोधलं. "आजी, इथं लिहिलंय, मेलेला माणूस स्वप्नात दिसला की त्याचं आयुष्य वाढतं."

"कुणाचं?"

"त्या माणसाचं."

"अगं बये, आता त्यांचं आयुष्य वाढवून कुठं ठेवायचं?" सरूबाई म्हणाल्या, आणि दोघी आजी-नात डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

भांडी घासायला येणारी राजाबाई धनगराची. तिनं राख-साबण बाजूला ठेवून निकाल दिला, "आक्का, दारात उभा ऱ्हायला म्हंजी भुकेला. भाकर ठिवा." सरूबाईंनी बाजरीची भाकर, वर ठेचा, गच्चीवर नेऊन ठेवला. भाकर कावळ्यांनी नेली, ठेचा मात्र जिथल्या तिथं. म्हणजे आप्पासाहेब नव्हेत. ते ठेचा टाकून उठणारे नव्हते.

मग मंजुषाच्या डोक्यात आलं की स्वप्नात रोज चपला दिसतात, तर चपलाच मागत असतील. आपल्यात गेलेल्यानं जे मागितलं ते दुसऱ्या कुणाला द्यायचं, म्हणजे त्याला पोचतं. सासू-सुना रिक्षा करून शहागंजच्या बाजारात गेल्या. सरूबाईंनी चार दुकानं पालथी घातली, करकर वाजणारा जोड घेतला, कारण आप्पासाहेबांना चपला वाजलेल्या आवडायच्या, आणि तो सोसायटीचा वॉचमन कडुबा याला दिला. कडुबानं तो कपाळाला लावून घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पासाहेब दारात उभे. पायात नव्या चपला.

हे ऐकून विश्वजीत डोक्याला हात लावून खाली बसला. बाकीचे हसावं की रडावं या पेचात. सरूबाई हसल्या, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. कारण चपला पोचल्या, म्हणजे दिलेलं पोचतंय. म्हणजे खरोखरच माणूस तिथं उभा आहे. कुठंतरी अडकलाय, ना इकडं ना तिकडं. पोरांनी बाग राखली, दिरानं बांध सोडला, नातीनं तिचं ते काय ते बंद केलं. सगळ्यांचं झालं. मग राहिलं कोण? आपणच. आपल्याचकडं बघतोय तो. सगळा जन्म ज्याचं खाकरणं ओळखलं, त्याचं एवढं एक बघणं आपल्याला ओळखता येऊ नये, याचं त्यांना लई वाईट वाटलं. देवापुढं बसून त्या म्हणाल्या, "माझं काय चुकलं असंल तर मला मारा, पण त्या माणसाला असं दारात ताटकळत ठिवू नका."

देव काही बोलला नाही. देवाचाही स्वभाव आप्पासाहेबांसारखाच.

चारेक दिवस असेच गेले. एका सकाळी विश्वजीत कंपनीत निघाला होता. खाली बस येऊन थांबलेली. मंजुषा मोरीत कपडे भिजवत होती. विश्वजीत बूट घालून, डबा घेऊन दारापाशी गेला, आणि तिथं वळून एक हात चौकटीला लावून आत बघत उभा राहिला. खालून बसनं हॉर्न दिला. हा उभाच. पुन्हा हॉर्न. कपाळाला आठी आली, पण पाय हलेना. सरूबाई सोफ्यावर भाजी निवडत होत्या, त्या म्हणणार होत्या, "अरे जीवघेण्या, बस चाललीय तुझी," तेवढ्यात मंजुषा ओले हात झटकत बाहेर आली आणि म्हणाली, "बरं, या." विश्वजीत पटकन वळला आणि जिना उतरून गेला.

सरूबाईंच्या मांडीवरची मेथी खाली सांडली.

ह्या घराण्याचे पुरुष असेच. घरातली बाई चुलीपासून उठून येऊन "या" म्हणाल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचं नाही. आप्पासाहेब तर कहर. एकदा कशावरून तरी सरूबाई फुगून बसल्या होत्या, मुद्दाम उठल्या नाहीत, आणि हा माणूस दारात उभा राहून राहून पैठणची एसटी समोरून निघून गेली तरी हलला नाही. तोंडानं "येऊ का" म्हणाला असता तर जीभ झिजली असती!

आणि सगळे म्हणत होते, आप्पा आलेत, काहीतरी मागायला आलेत. अहो, आले कुठले? आलेला माणूस चपला उंबऱ्याबाहेर काढतो. हा चपला घालून उभा होता, आतून बाहेर निघालेला, वळून चुलीकडं बघणारा. दवाखान्यात डॉक्टर सरूबाईंना म्हणाले होते, आता बरे आहेत, तुम्ही घरी जाऊन अंघोळ करून या. त्या अंघोळ करून, पिठलं करून, डबा घेऊन निघाल्या, आणि रिक्षात असतानाच विश्वजीतचा फोन आला. ह्यांना निरोप द्यायचा राहिला तो राहिलाच. घाटावर सगळ्यांनी सगळं कबूल केलं, पण निघा असं त्यांना कुणी म्हणालंच नाही. ते म्हणायचा हक्क एकाच बाईचा होता, आणि ती बाई तिथं तोंडात पदर कोंबून बसली होती.

सरूबाईंनी हे कुणाला सांगितलं नाही. दिवसभर त्या घरात अशा वावरल्या की मंजुषानं दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला. उखाणा सुटला होता, पण त्यांचा जीव वेगळ्याच गोष्टीनं कासावीस झाला. एकदा निघा म्हटलं की तो निघणार. परत येणार नाही. इतके महिने रोज पहाटे आपला माणूस दिसत होता, रागानं का होईना बघत होता. त्याच्यासाठी चपला घेतल्या होत्या, त्यानं त्या घातल्या होत्या. एवढंही आता जाणार. राहू दे की अजून थोडे दिवस, असं त्यांच्या मनात आलं. कुणाला कळणार आहे? मनात आलं आणि लाजही वाटली.

पहाट झाली. निळं दार, पांढरं धोतर, करकरत्या चपला, हात चौकटीला. सरूबाईंनी चुलीपासून बघितलं. आज बघून घ्यावं म्हणून नीट बघितलं, आणि त्यांच्या लक्षात आलं, आप्पासाहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते. गुडघे. शेवटी शेवटी फार दुखायचे गुडघे त्यांचे, आणि हे तेवढ्यावर रोज उभे.

"मेल्यावरबी बोलता येत नाय का माणसाला!" त्या म्हणाल्या आणि उठल्या. पदराला हात पुसत दारापर्यंत गेल्या. या म्हणायची सवय जिभेला, ती त्यांनी कशीबशी आवरली. "बरं, निघा," त्या म्हणाल्या. "सावकाश जावा. माझी काळजी नका करू, तूपबिप लई वाढतेत इथं."

आप्पासाहेबांच्या कपाळाची आठी गेली. टोपी सारखी केली आणि ते निघाले. अंगण, गोठा, पुढं बागेची वाट. चपला करकरत गेल्या. सरूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, आता वळेल, मग वळेल. नाही वळला. एकदा निघाल्यावर जिवंतपणी कधी वळून बघितलं होतं म्हणून आज बघेल!

सकाळी मंजुषा चहा घेऊन आली तेव्हा सरूबाई पलंगावर बसून ढसाढसा रडत होत्या, आणि मधूनच एक शिवी देत होत्या. मंजुषा घाबरली. कप खाली ठेवून जवळ बसली.

"आई, काय झालं? आप्पा काय म्हणाले?"

सरूबाईंनी नाक पुसलं. दहावं, तेरावं, महिने झाले, सगळ्या गावानं, सगळ्या भावकीनं म्हणून झालेला शब्द त्यांच्या तोंडून कधीच निघाला नव्हता.

"आप्पा गेले गं," सरूबाई म्हणाल्या.